भाऊजींचं कोरं पान

जपानला कधीही न गेलेल्या माणसांमध्ये जपान सर्वांत जास्त कोणाला कळला असेल, तर तो माझ्या थोरल्या भाऊजींना. हे विधान मी कुठंही, अगदी जपानात जाऊनसुद्धा, सिद्ध करून द्यायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नागपूरजवळ हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे दिवसभर नटबोल्टांची चित्रं काढायचे. सत्तरच्या दशकात कधीतरी त्या कारखान्यात जपानहून एक भलंमोठं यंत्र आलं. अकरा लाकडी खोकी आली आणि प्रत्येक सुटा भाग जपानी वर्तमानपत्रांत गुंडाळलेला. खोकी फुटली तेव्हा सगळा कारखाना यंत्राकडे धावला आणि भाऊजी एकटे बोळ्यांकडे. त्यांनी साहेबांची रीतसर परवानगी काढली, गेटवर 'रद्दी, एक पोतं' अशी पावती करून घेतली आणि ते पोतं सायकलच्या कॅरिअरवर बांधून, नवरीला घरी आणावं तसं, हळूहळू घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ताई कोळशाच्या इस्त्रीनं एकेक बोळा सरळ करत बसली होती. जपानी वर्तमानपत्राला इस्त्री करणारी माझी ताई ही भारतातली पहिली स्त्री होती, आणि तिच्यानंतर दुसरी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

जपानच का, असं त्यांना खूप जण विचारत. छप्पन साली त्यांच्या घरानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा भाऊजी पंधरा-सोळा वर्षांचे होते. घरातल्या देव्हाऱ्याची जागा रिकामी झाली आणि तिथं लावायला वडिलांनी त्यांच्याकडून बुद्धाचं चित्र काढून घेतलं. तेव्हापासून हा माणूस बुद्धाचा चेहरा शोधतच होता. "बुद्ध आपल्या इकून निघाला आन जपानात पोचला," ते सांगायचे. "एवढा लांब गेला त मधात त्याच्या चेहऱ्यात का का फरक पडला, हे पाहा लागन का नाही?" मग विचारणारा माणूस चहा पिऊन जायचा आणि जाताना त्याच्या हातात 'खोकं' असायचं.

'खोकं' हे भाऊजींनी काढलेलं अनियतकालिक. अनियत हा शब्द त्यांनी इतक्या गांभीर्यानं घेतला होता की दोन अंक एका महिन्यात निघाले आणि पुढचा सव्वा वर्षानं. त्यात काय असे? विड्यांच्या बंडलावरच्या लेबलातला वाघ डावीकडंच का पाहतो. संत्र्याच्या पेटीवरची अक्षरं लांबून वाचता यावीत म्हणून रंगाऱ्यानं केलेली युक्ती. आणि या सगळ्याच्या शेजारी जपानी वर्तमानपत्रातून उतरवलेली एखादी मासोळी, एखादं छप्पर, बांबूची एक काडी. इतवारीत कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटवलेली रंगीत लेबलं पाहायला ते दर रविवारी जात. दुकानासमोर उभे राहून, डोळे बारीक करून, वहीत काहीतरी टिपत. तिथल्या एका कापडवाल्याची ठाम समजूत होती की हा विक्रीकर खात्याचा माणूस आहे. तो भाऊजींना बसवून लस्सी पाजायचा. भाऊजींना वाटे, केवढा कलेचा भोक्ता! दोघंही शेवटपर्यंत आपापल्या समजुतीवर सुखी राहिले.

अंक छापण्याची पद्धत अशी की ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं सगळं हातानं काढायचं, अक्षरंसुद्धा, आणि सीताबर्डीवरच्या एका दुकानात त्याचे अमोनिया प्रिंट मारून आणायचे. म्हणजे घरांचे नकाशे जसे निघतात तसे, फिक्या कागदावर निळ्या-जांभळ्या रेघा. कारखान्यात हे प्रिंट मारायचं यंत्र होतं, पण कारखान्याच्या कागदाला भाऊजींनी आयुष्यात बोट लावलं नाही. ताजा अंक उघडला की अमोनियाचा भपकारा नाकातून थेट मेंदूत जायचा आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यामुळं 'खोकं' वाचून रडला नाही असा वाचक नागपुरात सापडायचा नाही. एकदा त्या दुकानात घोटाळा होऊन एका कंत्राटदाराचा गटाराचा नकाशा आमच्या अंकात आला आणि भाऊजींची मासोळी त्याच्याकडं गेली. गटाराच्या पानाचं वाचकांनी अतोनात कौतुक केलं. मासोळीवरून कुठल्याशा वस्तीत गटार बांधलं गेलं असावं असा माझा कयास आहे. तिथलं पाणी म्हणे आजही शेपटी हलवत जातं.

ट्रेसिंग पेपर महाग, म्हणून अंक निघाला की भाऊजी अर्धं ब्लेड घेऊन जुन्या चित्रांची शाई खरवडून काढत आणि त्याच कागदावर पुढचा अंक काढत. अंकाच्या पस्तीस प्रती निघत. त्या चार भोकं पाडून कडेनं दोऱ्यानं शिवायच्या, जपानी पद्धतीनं. एका फोटोतल्या पुस्तकावरून भाऊजींनी ती शिलाई शोधून काढली होती, पण शिवायची ताई, गोधडीच्या सुईनं. प्रती नातेवाइकांत वाटल्या जात. घरचा जावई अंक घेऊन दारात आल्यावर सासरचं कोण नाही म्हणणार? शिवाय भाऊजी अंक देऊन निघून जात नसत. समोर बसत. तुमची नजर कुठल्या ओळीवरून कुठं जाते ते पाहत. एखादं पान तुम्ही भर्रकन उलटलं की म्हणत, "मांगं जा."

आणि प्रत्येक अंकात एक पान कोरं असे. संपूर्ण कोरं. पहिल्या अंकानंतर आमचे मामा प्रत घेऊन परत आले. "जावाई, तुमचं हे पान छापाचं राहून गेलं."

"राहून नाही गेलं मामाजी, ठेवलं," भाऊजी म्हणाले. "मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपला रस्ता पाह्यला कधी? एक मानूस नाही, एक कुत्रं नाही. पण तेव्हाच रस्ता दिसते. बाकीच्या टाइमाले मानसंच दिसते."

मामा म्हणाले, "मंग मले दुसरी प्रत द्या. माह्या रस्त्यावर च्या सांडला."

जपानी लोक जमिनीवर बसून जेवतात हे एका फोटोवरून कळल्यावर भाऊजींनी जेवणाचं टेबल, जे आमच्या बापानं आंदणात दिलं होतं, अस्सल सागवानी, त्याचे चारही पाय कापून वीतभर ठेवले. ताई बाजारातून आली आणि दारातच थबकली. "माह्या बापानं उभं टेबल दिलं होतं," ती म्हणाली. "हे बसलं कधी?" पुढं आठ दिवस तिनं त्या टेबलावर ताट ठेवलं नाही. नवव्या दिवशी स्वतःच तिथं बसून अंक शिवायला लागली, कारण शिवायला ती उंची बरोबर होती. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्या बुटक्या टेबलाशी बसून शिवणारी एक बाई होती. नाक सोडलं तर सगळी जपानी. नाक आमच्या घरचं.

आता यात मी कसा आलो ते सांगतो, आणि सांगताना अजूनही कान गरम होतात. मी तेव्हा बी.ए.ला दोनदा नापास झालेला, चोविसाव्या वर्षी बहिणीच्या घरी राहून तिनं मोजून वाढलेल्या पोळ्या खाणारा इसम होतो. माझ्या अंगी एकच गुण होता. मी खोटं फार छान बोलायचो. पहिल्या अंकाच्या वेळी भाऊजी इस्त्री केलेला एक कागद हातात धरून हळहळत होते, "यात का लिहिलं असन गा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणा इकडे. मले येते थोडी जपानी."

ताईच्या हातातली सुई थांबली. मी मागं हटलो नाही. एक जपानी भिक्खू नागपुरात आले होते, त्यांच्याजवळ मी तीन महिने शिकलो, असं मी ठोकून दिलं. त्यांच्याशी माझा खरा संबंध एवढाच, की स्टेशनापासून रिक्षापर्यंत मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. बाहेर पडेपर्यंत रिक्षावाला दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेला, म्हणून जरा जास्त वेळ धरावी लागली.

भाऊजींनी कागद माझ्या हातात दिला. मी तो दोन हातांनी धरला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. त्या दिवसापासून 'खोक्या'त 'जपानहून' नावाचं सदर सुरू झालं. भाऊजी वर्तमानपत्रातला एखादा चौकोन अक्षर न अक्षर उतरवून काढत आणि शेजारी माझा अनुवाद. त्यातला सर्वांत गाजलेला एका छोट्या चौकोनाचा. त्यात बरीच अक्षरं होती आणि मधोमध एक खूण: खाली अर्धं वाटोळं आणि त्यातून वर जाणाऱ्या तीन वळवळत्या रेघा. मी ओळखलं, ही वाऱ्यानं उलटी झालेली छत्री आहे आणि वरून पाऊस येतो आहे. छत्री माझ्या डोक्यात होतीच. झालं, त्यातून छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा निघाला. त्याला एक मुलगी निघाली. मुलगी एका पावसाळी दिवशी बापाची सर्वांत चांगली छत्री घेऊन घरातून निघून गेली. पुढचा चौकोन, पुढचा भाग. मामी अंकाची वाट पाहू लागल्या. शेजारच्या बाया ताईला विचारू लागल्या, "काहो, त्या पोरीचं का झालं?"

पण खरी परीक्षा वाचक घेत नसत, भाऊजी घेत. कारण त्यांना चित्र काढायचं असे. "म्हाताऱ्याच्या घराचं दार कोन्या दिशेले आहे?" ते विचारत. "दार? तेवढं काही लिहिलं नाही." "नीट वाच गा. दार नाही त सकाळचं ऊन कुठून घेऊ?" मग मी कागदावर वाकून दार शोधायचो. "छत्रीले काड्या किती? बांबूच्या का लोखंडाच्या? पोरगी गेली तेव्हा म्हातारा बसला होता का उभा? बसला असन त हातात का होतं?" मी घामाघूम व्हायचो. खोटं बोलणं सोपं असतं हे ज्यांनी पसरवलं, त्यांना माझे भाऊजी भेटले नव्हते. एका दारासाठी मी दोन दोन दिवस विचार करायचो. रस्त्यावर लोकांच्या घरांची दारं बघत फिरायचो. इतवारीत एका छत्रीवाल्याजवळ जाऊन बसलो आणि त्याच्या हातांकडं बघत राहिलो. तो काड्या दातात धरून काम करायचा, ते मी जपानी म्हाताऱ्याला दिलं. भाऊजींनी ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे बेस्ट वाचलं." त्या एका वाक्यावर मी महिनाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. ताईनं मात्र त्या दिवसापासून माझ्या पोळ्या मोजणं सोडून दिलं.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग यंत्र बिघडलं.

ते दुरुस्त करायला जपानहून एक इंजिनिअर साहेब येणार, अशी बातमी भाऊजी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की ताईला वाटलं बढती मिळाली. "रविवारी जेवाले आनतो त्याईले," ते म्हणाले. "सगळे अंक दाखवतो. आन बोलाची चिंताच नाही. आपले साळेबुवा आहेत ना."

साळेबुवांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. भाऊजींच्या आयुष्यात तो पहिला जपानी माणूस येणार होता आणि त्याच्यासमोर कळणार होतं की ज्याला ते जपान समजत होते, तो त्यांच्या आयतं बसून खाणाऱ्या साळ्यानं टेबलाशी बसून रचलेला होता. माझी फजिती झाली असती त्याचं काही नाही, तिची मला सवय होती. पण भाऊजी दारोदार अंक घेऊन गेले होते. शनिवारी मी ताप आणला. ताईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "थंडगार आहेस." मग मी खापरखेड्याला मित्राकडं नोकरीचं बघायला निघालो. बसस्टँडवर पोचतो तर पाठोपाठ सायकलवर भाऊजी. "नोकरी सोमवारी पाह्यजो," ते एवढंच म्हणाले, आणि मला डबलसीट घेऊन घरी आले. वाटभर मी त्यांच्या पाठीकडं बघत होतो. त्या पाठीला सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा समोरून ट्रक आला.

रविवारी साहेब आले. पन्नाशीचे, बारीक, पांढरा शर्ट, हातात टोपी. दारातच ते कमरेत वाकले. भाऊजी त्यांच्याहून जास्त वाकले. मग ते आणखी वाकले. ही चढाओढ ताईनं "वरण थंड होऊन राह्यलं" असं म्हणून थांबवली. बुटक्या टेबलाशी साहेब इतके सहज बसले की ताईनं त्या चार पायांसाठी नवऱ्याला तिथल्या तिथं माफ करून टाकलं. पाहुण्यासाठी म्हणून तिनं रश्श्यात तिखट अगदीच कमी घातलं होतं, म्हणजे तिच्या मतानं. साहेबांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानंतर भाऊजींनी अंक उघडला आणि अमोनियानं उरलेलं पाणीही काढलं. बिचारे रुमाल लावून पानं उलटत होते. बंडलावरचा वाघ पाहून हसले. मासोळी पाहून मान हलवली. कोऱ्या पानावर थांबले, ते उलटलं नाही, बराच वेळ बघत राहिले. भाऊजी माझ्या कानात म्हणाले, "पाह्य. मांगं जा म्हना नाही लागलं."

आणि मग तो चौकोन आला. छत्रीचा.

साहेबांचा रुमाल खाली आला. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आधी मनात, मग मोठ्यानं. खोलीत पहिल्यांदाच खरी जपानी उमटली आणि ती मी वाचून दाखवलेल्या जपानीसारखी अजिबात नव्हती. वाचून झाल्यावर सगळे माझ्याकडं वळले. ताई, भाऊजी, साहेब. "का म्हनते?" ताईनं विचारलं.

मी उभा राहिलो. का कोण जाणे, शाळेत उभं करतात तसा. "मले जपानी येत नाही ताई," मी म्हणालो. "एक अक्षर येत नाही. सगळं मी मनचं लिहिलं." आणि तेच साहेबांना माझ्या दोनदा नापास इंग्रजीत सांगितलं.

भाऊजींकडं बघायची माझी छाती नव्हती. साहेब त्यांच्या मोडक्या इंग्रजीत बोलायला लागले. ही त्यांच्या गावातल्या छोट्या वर्तमानपत्रातली सूचना होती. यंत्र बनवणारा कारखाना त्याच गावचा, रद्दीही तिथलीच. गावात एक सार्वजनिक न्हाणीघर होतं. धुराड्याच्या दुरुस्तीसाठी ते दोन दिवस बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. अर्धं वाटोळं आणि तीन रेघा म्हणजे गरम पाण्याचं कुंड आणि वाफ. त्या न्हाणीघरात लहानपणी वडील त्यांना न्यायचे, पाठ चोळून द्यायचे. आता तिथं मोटारी उभ्या करतात. एवढं सांगून त्यांनी परत रुमाल लावला, पण त्या वेळी रस्सा संपलेला होता आणि अमोनियाचा वासही उडून गेला होता.

मग त्यांनी शेजारच्या मराठी मजकुरावर बोट ठेवून मला विचारलं, यात काय आहे? मी सांगू लागलो. म्हातारा, दातांत धरलेल्या काड्या, मुलगी, पाऊस. साहेब मान तिरकी करून ऐकत होते. मी थांबलो तर त्यांनी विचारलं, "मग? त्या मुलीचं काय झालं?"

मी ते ताईला मराठीत सांगितलं. "पाह्य!" ताई म्हणाली. "हेई तेच इचारून राह्यले."

कंपनीची जीप आली. भाऊजींनी त्या चौकोनाचा मूळ ट्रेसिंग पेपर, न खरवडलेला असा तो एकच उरला होता, गुंडाळी करून साहेबांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. परत वाकण्याची चढाओढ झाली आणि धूळ उडवत जीप गेली.

आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. "भाऊजी," मी म्हणालो, "चुकलो."

"कशात?"

"जपानी येते म्हनालो."

"थे मले पयल्या दिवशीच माहीत होतं," भाऊजी म्हणाले. "तू कागद उलटा धरला होता. फोटोतले मानसं डोक्यावर उभे होते आन तू घडघडा वाचून राह्यला होता."

माझ्या पायाखालचा हिंगणा रस्ता हलला. "मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो त तू खरं बोलला असता," ते म्हणाले. "मंग अंकात का छापलं असतं? चाल, पुढचा भाग वाच. पोरगी कुठं गेली थे मलेई पाहाचं आहे."

पुढं मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो, आणि खोटं छापायला मोठमोठे लोक मला बोलावू लागले. त्याला आता कथा म्हणतात. आजही एखाद्या पात्राला घराबाहेर काढायचं झालं की लेखणी थांबते आणि कानाशी कोणीतरी विचारतं, दार कोन्या दिशेले? ते सांगितल्याशिवाय माझं एकही पात्र कधी घराबाहेर पडलेलं नाही.

भाऊजी जाऊन आता चार वर्षं झाली. परवा ताईकडं गेलो तर ती त्याच बुटक्या टेबलाशी बसली होती. लेकानं नवीन टेबल आणतो म्हटलं तर तिनं त्याला घरातून हाकलायचंच बाकी ठेवलं होतं. तिनं ट्रंकेतून अंक काढले. अमोनियाचा वास केव्हाच गेला आहे. त्या प्रिंटांचं असंच असतं, रेघा वर्षावर्षानं फिक्या होत जातात. वाघ गेला, मासोळी गेली. म्हाताऱ्याच्या घराचं चित्र होतं ते पान मी उजेडाकडं धरलं, तिरपं केलं, काही दिसेना. सगळा अंक भाऊजींच्या त्या एका पानासारखा झाला होता.

"त्या पोरीचं का झालं रे शेवटी?" ताईनं विचारलं.

"लिहीन," मी म्हणालो. "पन दार कोन्या दिशेले होतं, हेच आता आठवत नाही."

ताईनं पान माझ्या हातातून घेतलं, टेबलावर ठेवलं, तळहातानं सरळ केलं आणि क्षणभरही न शोधता त्या कोऱ्या कागदावर बोट टेकवलं.

"उगवतीले," ती म्हणाली. "हे इथं."